विषाला फ्रिज लागत नाही, मग लसीला का लागतो?

प्रथिनांना उष्णतेत टिकवणारे गंधकाचे 'टाके' प्रयोगशाळेत घालता येतात. हे तंत्र चाळीस वर्षं जुनं आहे. मग अहेरीच्या मे महिन्यात टिकेल अशी औषधं आणि लसी आपण का मागत नाही?

नागाचं विष वाळवलं की त्याचे पिवळसर कण होतात. ते कोरड्या बाटलीत बंद करून ठेवले तर वर्षानुवर्षं विषारी राहतात. फ्रिज नको, बर्फ नको, जनरेटर नको.

आता अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाचा विचार करा. पावसाळ्यात इथे नाग, मण्यार, घोणस चावलेले रुग्ण येतात. त्याच आवारात बाळांच्या लसीही येतात. त्या मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंतच्या प्रवासात कुठेही जास्त वेळ ऊन लागलं तर लस वाया.

नागाच्या विषातला मुख्य घटक म्हणजे प्रथिन. अनेक लसींचा मुख्य घटकही प्रथिनच. इन्सुलिनसुद्धा प्रथिन. मग मारणारं प्रथिन इतकं दणकट आणि वाचवणारं इतकं नाजूक कसं? याचं बरंचसं उत्तर गंधकाच्या एका छोट्या बंधात आहे. हा बंध माणसाला मुद्दाम घालता येतो. पण तो कशासाठी घालायचा हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो थेट आपल्या भागाशी जोडलेला आहे.

माठाशेजारचं इन्सुलिन

अहेरी माझं आजोळ. मामीला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. एका उन्हाळ्यात गेलो तेव्हा तिची इन्सुलिनची बाटली स्वयंपाकघरात, माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली दिसली.

"मामी, फ्रिज असताना हे इथे कशाला?"

"लाइन राहिली तर फ्रिज, बाबू. लाइन गेली का माठ."

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला वाटलं, मामीचं काहीतरी चुकतंय. नंतर कळलं की बाष्पीभवनाने गारवा मिळवण्याची ही पद्धत गरम देशांत डॉक्टरही सुचवतात. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीच्या तापमानावर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि जिनिव्हा विद्यापीठाने तो केला होता. तापमान २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान वर-खाली होत राहिलं तरी चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकते, असं त्यात दिसलं.

म्हणजे इन्सुलिन आपण समजतो त्यापेक्षा चिवट आहे. (तरीही तुमच्या औषधाच्या साठवणुकीत डॉक्टरांना न विचारता बदल करू नका.) पण ३७ अंश ही अहेरीतल्या एप्रिलची सकाळ झाली. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात काय होत असेल याचा अंदाज करा.

डायसल्फाइड बंध म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. एकूण २० प्रकारचे मणी, वेगवेगळ्या क्रमाने ओवलेले. ही माळ सरळ लोंबकळत राहत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळून एक ठरावीक आकार घेते. प्रथिनाचं काम त्या आकारावर अवलंबून असतं. आकार गेला की काम गेलं.

उष्णता आकार बिघडवते. अंडं उकडताना पांढरा भाग घट्ट होतो तो यामुळेच. प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि अंडं थंड केलं तरी पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

या २० मण्यांपैकी एक खास आहे, सिस्टीन. त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो. माळ गुंडाळली गेल्यावर दोन सिस्टीन योग्य अंतरावर समोरासमोर आले, तर त्यांचे गंधक एकमेकांना धरतात. हाच डायसल्फाइड बंध. शिवणकामात घडी सुटू नये म्हणून टाका घालतात, तसा हा टाका.

हा बंध तुम्ही रोज बघता. आपल्या केसांतलं केराटिन अशाच बंधांनी भरलेलं असतं. केस जळल्यावर येणारा उग्र वास गंधकाचा. पार्लरमध्ये 'रिबाँडिंग' करतात तेव्हा एक रसायन हे बंध तोडतं, केस सरळ केले जातात आणि दुसरं रसायन बंध नव्या जागी पुन्हा जोडतं. नावातच 'बाँड' आहे तो हाच.

नागाच्या विषातलं चेतातंतूंवर हल्ला करणारं प्रथिन अगदी छोटं असतं, साधारण ६० ते ७० मण्यांचं. एवढी छोटी माळ एरवी ढिली पडली असती. पण तिला चार टाके घातलेले असतात. त्यामुळे ती तीन बोटांच्या पंज्यासारखा आकार घट्ट धरून ठेवते. निसर्गाने हे इंजिनिअरिंग कोट्यवधी वर्षांपूर्वीच केलेलं आहे.

इन्सुलिनमध्ये ५१ मणी आहेत, दोन माळांत. त्यांना तीन टाके आहेत: दोन माळांना जोडणारे दोन आणि एका माळेच्या आतला एक. इन्सुलिनच्या मण्यांचा क्रम शोधल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

टाका मजबुती कशी देतो?

मी मेकॅनिकलचा. आधी मला वाटलं, वेल्डिंगसारखं असेल; बंध मजबूत म्हणून प्रथिन मजबूत. गोष्ट थोडी वेगळी आहे.

उलगडलेली माळ हजारो प्रकारे वाकडीतिकडी पडू शकते. उष्णता तिला त्या मोकळेपणाकडे ओढते. मध्ये टाका घातला की ते पर्याय एकदम कमी होतात. मोकळी सुतळी कशीही गुंतते, पण दोन ठिकाणी गाठ मारलेली सुतळी फार वेडीवाकडी होऊ शकत नाही. सोडलं तरी ती गाठीच्या आसपासच राहते. उलगडण्यात फायदा कमी झाला, म्हणून प्रथिन गुंडाळलेलंच राहणं पसंत करतं.

यावरून एक नियम निघतो. माळेवर एकमेकांपासून लांब असलेले, पण घडी पडल्यावर जवळ येणारे दोन मणी जोडले तर फायदा जास्त.

प्रयोगशाळेत बंध कसा घालतात?

पहिली पायरी, जागा निवडणं. प्रथिनाचा त्रिमितीय नकाशा कॉम्प्युटरवर उघडतात. सिस्टीन बसवल्यावर गंधकाला गंधक भेटेल अशा दोन जागा शोधतात. दोन मण्यांच्या ठरावीक अणूंमधलं अंतर साधारण साडेतीन ते साडेचार अँगस्ट्रॉम हवं. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. नुसतं अंतर पुरत नाही, कोनही जुळावा लागतो.

यात भारताचं नाव सुरुवातीपासून आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएससीमध्ये, आर. सौदामिनी, सी. रामकृष्णन, पी. बलराम आणि सहकाऱ्यांनी अशा जागा शोधण्याचे भौमितिक निकष १९८९ मध्ये मांडले. त्यावर आधारलेला 'मोडिप' हा प्रोग्रॅम पुढे जगभर वापरला गेला.

दुसरी पायरी, जनुकात बदल. प्रथिनाची कृती डीएनएत लिहिलेली असते. त्यात निवडलेल्या दोन जागी तीन-तीन अक्षरं बदलून 'सिस्टीन' असं लिहितात. डीएनएतलं नेमकं अक्षर बदलण्याची ही युक्ती शोधणाऱ्या मायकेल स्मिथ यांना १९९३ चं नोबेल विभागून मिळालं.

तिसरी पायरी, प्रथिन तयार करून घेणं. बदललेलं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालतात. पण इथे एक अडचण येते. या जिवाणूच्या आतलं रसायन गंधकाचे बंध जुळूच देत नाही, जुळले तर तोडतं. म्हणून प्रथिन जिवाणूच्या दोन आवरणांमधल्या जागेत पाठवतात, किंवा खास बदललेले जिवाणू, यीस्ट, प्राण्यांच्या पेशी वापरतात.

चौथी पायरी, तपासणी. टाका खरंच जुळला का? योग्य जोडीतच जुळला का? प्रथिनाचं काम शाबूत आहे का? आणि किती अंशांवर ते उलगडतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत टाक्याला काही अर्थ नसतो.

कुठे जमलं, कुठे फसलं?

१९८४ मध्ये अमेरिकेत पेरी आणि वेट्झेल यांनी 'टी-४ लायसोझाइम' या प्रथिनात एक नवा बंध घातला आणि ते उष्णतेत जास्त टिकू लागलं. १९८९ मध्ये ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटाने त्याच प्रथिनात तीन बंध एकत्र घातले. ते उलगडण्याचं तापमान सुमारे २३ अंशांनी वाढलं. २३ अंश म्हणजे अहेरीतली जानेवारीची रात्र आणि मे महिन्याची दुपार यांच्यातल्या फरकाच्या जवळ जाणारा आकडा.

पण दरवेळी असं होत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत वापरल्या जाणाऱ्या सबटिलिसिन या प्रथिनात १९८६ मध्ये बंध घातले गेले. बंध तयार झाले, मजबुती मात्र वाढली नाही. चुकीच्या जागी टाका घातला तर कापड ओढलं जातं. इथेही प्रथिनावर ताण येतो आणि कधी ते आधीपेक्षा कमकुवत होतं. नवे सिस्टीन जुन्यांशी भलतीच जोडी जुळवण्याचा धोकाही असतो.

तंत्र जादूचं नाही, पण हातात आहे. म्हणूनच पुढची गोष्ट महत्त्वाची.

एका टाक्याने लस कशी घडली?

लहान बाळांच्या श्वसनमार्गावर हल्ला करणारा एक विषाणू आहे, आरएसव्ही. २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या सुमारे एक लाख मुलांचा जीव त्याच्यामुळे गेला असा जागतिक अंदाज आहे. यातले ९७ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत.

१९६० च्या दशकात अमेरिकेत मारलेल्या विषाणूपासून लस करून पाहिली गेली. ती उलटली. लस घेतलेल्या बाळांना नंतर संसर्ग झाला तेव्हा आजार जास्त गंभीर झाला आणि दोन बाळं दगावली. त्यानंतर अनेक दशकं या विषाणूवर लस आली नाही.

एक मोठं कारण आकाराचं होतं. या विषाणूच्या पृष्ठभागावरचं 'एफ' प्रथिन स्प्रिंगसारखं आहे. पेशीत घुसण्याआधी ते आवळलेलं असतं, नंतर सुटून लांब होतं. शरीराला ओळख करून द्यायची ती आवळलेल्या रूपाची. पण ते हातात टिकतच नव्हतं.

२०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वांग आणि सहकाऱ्यांनी त्यात १५५ आणि २९० क्रमांकाच्या जागी सिस्टीन बसवून टाका घातला, आतल्या पोकळ्या भरल्या, आणि स्प्रिंग आवळलेलीच राहिली. याच विचाराने पुढे गेलेल्या दोन लसींना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यातली एक गरोदर महिलांना देतात, म्हणजे बाळ जन्मतःच संरक्षण घेऊन येतं.

गडचिरोलीला बाळांचा न्यूमोनिया नवा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या प्रशिक्षित माणसांच्या हाती न्यूमोनिया ओळखण्याचं आणि औषध देण्याचं काम दिलं. त्यामुळे बालमृत्यू कमी होतात हे 'लॅन्सेट'मध्ये १९९० मध्ये छापून आलं. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेच्या सहभागाने दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये आरएसव्हीचा अभ्यास झाला आहे. म्हणजे हा विषाणू फक्त परदेशातल्या आकडेवारीत नाही, आपल्या आदिवासी भागातल्या पाळण्याशेजारी आहे.

आता गंमत बघा. गरोदर महिलांना देण्याच्या त्या लसीतल्या प्रथिनाला मुद्दाम टाका घातलेला आहे. ती पूड स्वरूपात येते. तरीही तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: २ ते ८ अंशांत ठेवा.

यात शास्त्रज्ञांची चूक नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आकार कसा टिकवायचा. तो त्यांनी सोडवला. 'वीज नसलेल्या उपकेंद्रात ही लस महिनाभर राहील का?' हा प्रश्न त्या कामाची अट नव्हता. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. आपला प्रश्न त्या यादीत नव्हता.

'गरम' लस शक्य आहे का?

दोन उदाहरणं पुरेशी आहेत आणि दोन्ही भारतातली आहेत.

पहिलं बंगळुरूचं. आयआयएससीमध्ये राघवन वरदराजन यांच्या गटाने करोना विषाणूच्या काट्यातला पेशीला चिकटणारा भाग घेतला, त्यात स्थैर्य वाढवणारे बदल केले आणि असे तीन भाग डायसल्फाइड बंधांनी एकत्र बांधले. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की वाळवलेल्या रूपात हे प्रथिन ३७ अंशांवर चार आठवड्यांहून जास्त टिकतं आणि थोड्या वेळासाठी १०० अंशही सोसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने चांगली प्रतिकारशक्ती दिली. सगळं श्रेय गंधकाच्या टाक्यांचं नाही. इतर बदल आणि वाळवण्याचं तंत्रही त्यात आहे. पण 'उष्णतेत टिकलं पाहिजे' ही अट पहिल्या दिवसापासून धरली तर काय होतं हे त्यातून दिसतं. आपल्या सरकारी लसीकरणात मात्र ही लस आलेली नाही.

दुसरं उदाहरण पुण्याचं. सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली 'मेनआफ्रिवॅक' ही मेंदूज्वराची लस २०१० मध्ये आफ्रिकेत वापरात आली. २०१२ मध्ये तिच्या लेबलवर परवानगी मिळाली की शेवटच्या टप्प्यात ती ४० अंशांपर्यंत, जास्तीत जास्त ४ दिवस, बर्फाशिवाय ठेवता येईल. त्याच वर्षी बेनिनमध्ये तशी मोहीम राबवली गेली. इथे नवा टाका घातला नव्हता. असलेली लस किती सोसते ते नीट मोजलं, नियामकाला पटवलं आणि लेबल बदललं.

म्हणजे दोन वाटा आहेत. नवी लस घडवताना उष्णता सोसण्याची अट घाला. आणि जुनी लस नेमकी किती सोसते ते मोजा.

इन्सुलिनचंही तेच. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कमधल्या शास्त्रज्ञांनी चौथा बंध घातलेलं इन्सुलिन प्रसिद्ध केलं. टिकाऊपणा वाढला, काम शाबूत राहिलं. पण आज मेडिकलमध्ये मिळतं ते तीन टाक्यांचंच. मोठ्या बाजारपेठेत घरोघरी फ्रिज आहे, तिथल्या पेशंटला चौथ्या टाक्याची घाई नाही. घाई मामीला आहे.

अहेरीला यातून काय मिळेल?

लसीचा प्रवास बघू. जिल्ह्याच्या साठ्यातून लस प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. तिथे खास फ्रिज असतो, आयएलआर. लसीकरणाच्या दिवशी सकाळी बर्फाचे चार पॅक ठेवलेल्या कॅरिअरमध्ये लस भरतात आणि ती गावाकडे निघते. संध्याकाळी उरलेली परत आणायची. बाटलीवर एक छोटा गोल असतो, त्याच्या आत चौकोन. ऊन लागत गेलं की चौकोन गडद होतो. गोलाइतका गडद झाला की लस फेकायची. उलटा धोकाही आहे. बर्फ नीट 'सैल' केला नाही तर काही लसी गोठून बाद होतात.

शहरात हे सगळं एका दिवसात होतं. एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांना मात्र हा एक दिवस पुरत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे दर पावसाळ्यात बातम्यांत वाचायला मिळतं. मीच त्या बातम्या अपलोड करतो. पाणी ओसरेपर्यंत कॅरिअर अलीकडे, बाळ पलीकडे.

आता समजा, लस ४० अंशांवर महिनाभर टिकते. मग मे अखेरीस पूरग्रस्त गावांच्या उपकेंद्रात जून-जुलैचा साठा आधीच ठेवता येईल, जसं रेशनचं धान्य आधी पोचवतात. सिस्टरला संध्याकाळपर्यंत परतायची घाई नाही. एका गावात दोन बाळं सापडली नाहीत तर ती मुक्काम करून दुसऱ्या दिवशी शोधू शकते. नदीचा पूर आणि लसीचं वेळापत्रक यांची गाठ सुटते.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर सर्पदंशाचं औषध आठवा. आपल्याकडे ते पूड करून कुपीत मिळतं आणि फ्रिजशिवाय ठेवता येतं. म्हणून दूरच्या दवाखान्यातही ते ठेवणं शक्य होतं. म्हणजे 'जंगलात टिकेल असं औषध बनवा' ही अट आपण पूर्वी एकदा पाळलेली आहे.

'आधी पूल बांधा, वीज द्या'

हा आक्षेप रास्त आहे. गाव तुटणं हा लसीपेक्षा मोठा प्रश्न आहे. बाळंतपणासाठी अडलेल्या बाईला टिकाऊ लस नदी ओलांडून देणार नाही. फ्रिज सुधारले आहेत, सौरऊर्जेवर चालणारे आलेत, 'ई-विन' यंत्रणेमुळे साठ्याचं तापमान मोबाइलवर दिसतं. हे खरं आहे आणि चालू राहिलंच पाहिजे.

पण 'आधी हे, मग ते' या रांगेत आपला भाग कायम शेवटी उभा राहतो. पूल व्हायला वर्षं लागतात. तोवर जन्मणारी बाळं थांबत नाहीत. आणि पूल झाल्यावरही मे महिना ४५ अंशांचाच राहणार.

दुसरा आक्षेप खर्चाचा. नवा बदल केला की चाचण्या नव्याने, परवानगी नव्याने. त्यासाठी पैसा लागतो आणि कंपनी विचारते, जास्त किंमत कोण देणार? हा प्रश्न बाजार सोडवणार नाही. लसीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक सरकार आहे, म्हणून अटही सरकारनेच घातली पाहिजे.

मग काय करायला हवं?

माझ्या मते तीन गोष्टी.

एक, सार्वजनिक पैशातून लस किंवा प्रथिन-औषधाचं संशोधन होत असेल तर उष्णता सोसण्याचं लक्ष्य पहिल्याच कागदावर लिहिलेलं असावं: किती अंश, किती दिवस. नंतर जमलं तर बघू, असं नको. टाका कुठे घालायचा हे आराखड्याच्या वेळीच ठरतं.

दोन, आज वापरात असलेल्या लसी ४० अंशांवर किती तग धरतात ते मोजून लेबलवर लिहावं. मेनआफ्रिवॅकने वाट दाखवली आहे आणि ती लस आपल्याच राज्यात बनली. बेनिनच्या गावाला मिळालेली सवलत भामरागडच्या गावाला का नसावी?

तीन, सरकारी खरेदीत टिकाऊपणाला गुण द्यावेत. दोन लसी सारख्याच परिणामकारक असतील तर उष्णतेत जास्त टिकणारीला थोडी जास्त किंमत. वाया जाणाऱ्या कुप्या, बर्फ, फेऱ्या यांचा हिशेब धरला तर ती प्रत्यक्षात महाग पडेलच असं नाही.

आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. हे वाचणाऱ्यांत आलापल्ली, अहेरी, सिरोंच्याचे बीएस्सी करणारे नक्की असतील. जागा शोधण्याची पहिली पायरी आता महागड्या लॅबशिवायही करून बघता येते. 'अल्फाफोल्ड'च्या मोफत संग्रहात २० कोटींहून जास्त प्रथिनांचे अंदाजित नकाशे आहेत. या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एक प्रथिन उघडा, दोन मण्यांतलं अंतर मोजा, टाका बसेल का ते बघा. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. तिथल्या एखाद्या प्रकल्पाचा विषय 'आमच्या मे महिन्यात टिकणारं प्रथिन' असा असायला काहीच हरकत नाही. बोस्टन किंवा कोपनहेगनमध्ये बसलेल्या माणसाला हा विषय सुचणार नाही, कारण त्याच्या घरात माठ नाही.

गेल्या महिन्यात मामीला फोन केला होता. शुगर बरी आहे म्हणाली. उन्हाळा लागला आहे, आणि फडकं आता दिवसातून तीनदा ओलं करावं लागतं.